सतरावा क्रमांक, तरीही लीग २मध्ये

(फ्रान्समधल्या दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक फुटबॉलबद्दल, म्हणजे लीग २च्या २०२२-२३ हंगामाबद्दल, मी गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि माझी उत्तरं.)

प्रश्न : ताई, तुमचा लेख वाचून त्या हंगामाचा गुणतक्ता शोधून काढला. वीस संघांत आन्सी सतरावं आलंय. शेवटचे चार संघ खाली जाणार असं तुम्हीच लिहिलंय. मग पुढच्या वर्षी आन्सी लीग २मध्येच कसं? आणि नववं आलेलं सोशो कुठे गेलं?

उत्तर : तक्ता बरोबर आहे, आणि तुमची शंकाही रास्त आहे. त्या वर्षी लीग २चा मैदानावरचा हंगाम जूनच्या सुरुवातीला संपला. पण कोण कुठल्या श्रेणीत खेळणार हे ठरायला पुढे आणखी काही आठवडे जातात, कारण तोवर हिशेबाच्या वह्या तपासून व्हायच्या असतात.

फ्रान्समध्ये डीएनसीजी नावाची एक यंत्रणा आहे. व्यावसायिक क्लबांच्या पैशावर नजर ठेवणं हे तिचं काम. दर उन्हाळ्यात प्रत्येक क्लबाला तिच्यापुढे जाऊन येत्या वर्षाचा जमाखर्च मांडावा लागतो. तिकिटांतून किती येतील, प्रक्षेपणाचे किती, खेळाडू विकून किती, पगारावर किती जातील, आणि तूट आली तर ती कोण भरून काढणार, हे सगळं सांगावं लागतं. नुसत्या शब्दावर भागत नाही, पैसे खात्यात दिसावे लागतात. समाधान झालं नाही तर पगाराच्या रकमेवर मर्यादा येते किंवा नवे खेळाडू घ्यायला बंदी होते. प्रकरण फारच गंभीर असेल तर क्लबाला थेट खालच्या श्रेणीत पाठवलं जातं, मग तो मैदानावर कितवाही आलेला असो.

सोशोचं २०२३च्या उन्हाळ्यात नेमकं हेच झालं. हा काही कालपरवाचा क्लब नव्हे. १९२८ साली प्यूजो मोटार कारखान्याच्या आधाराने तो उभा राहिला, १९३५ आणि १९३८मध्ये फ्रान्सचा विजेता झाला, २००७मध्ये फ्रेंच कप जिंकला. प्यूजोने २०१५मध्ये तो विकला आणि पुढे मालकी चिनी कंपन्यांकडे गेली. २०२३मध्ये मालकांनी पैसे ओतणं थांबवलं, डीएनसीजीला खात्यात रक्कम दिसली नाही आणि सोशोची रवानगी तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे नॅशनलमध्ये झाली. लीग २मधली एक जागा रिकामी पडली, ती आन्सीला मिळाली. सोशो बंदच पडायचा, पण परिसरातल्या गुंतवणूकदारांनी आणि समर्थकांनी वर्गणी काढून तो वाचवला. सामान्य माणसांनी आपल्या खिशातून क्लबाचे समभाग घेतले. त्या भागात कारखाना आणि क्लब ही दोन नावं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र घेतली गेली आहेत, हे लक्षात घेतलं की त्या वर्गणीचं मोल कळतं.

नववा आलेला संघ खाली आणि सतरावा तिथेच, हा अन्याय नाही का, असं आणखी दोघांनी विचारलंय. मला तो अन्याय वाटत नाही. जानेवारीत पगार थकले आणि फेब्रुवारीत संघ मोडला, तर त्यांच्याशी आधी खेळलेल्या आणि नंतर खेळणाऱ्या सगळ्यांचाच हंगाम नासतो. त्यापेक्षा उन्हाळ्यातच निकाल लागलेला बरा. मनाला लागतं ते निराळंच. ज्यांनी निर्णय घेतले ते मालक निघून जातात, आणि खाली जातात ते खेळाडू, कर्मचारी आणि ते गाव.

प्रश्न : बोर्दोचा सामना एका प्रेक्षकामुळे थांबला आणि शिक्षा अख्ख्या क्लबाला झाली, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. नीट सांगाल का? तुम्ही स्वतः बोर्दोत राहता, तर तुम्हाला हा निर्णय पटला?

उत्तर : पटला. आणि हे मी बोर्दोची समर्थक म्हणून सांगते आहे.

तारीख २ जून २०२३, शेवटची फेरी. त्या वर्षी वर, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या लीग १मध्ये, जायला दोनच जागा होत्या. ल आव्र पहिलं होतं. मेट्झ आणि बोर्दोचे गुण सारखे होते, पण गोलफरकावर मेट्झ पुढे. म्हणजे बोर्दोला जिंकायचं होतं आणि मेट्झ घसरण्याची वाट पाहायची होती. समोर रोदेझ. आव्हेराँ जिल्ह्याचं हे मुख्य ठिकाण इतकं लहान, की त्याची सगळी लोकवस्ती बोर्दोच्या स्टेडियममध्ये बसवली तरी खुर्च्या उरतील. पण त्या रात्री रोदेझलाही गुण हवेच होते. ते मिळाले नसते तर त्यांची गच्छंती होती.

स्टेडियम भरगच्च होतं. निळ्या-पांढऱ्या रंगात अख्खं गाव लोटलं होतं. माझ्या रांगेत प्रत्येकाच्या हातात फोन, त्यावर मेट्झचा सामना. बाविसाव्या मिनिटाला रोदेझच्या ल्युका ब्युआदेसने गोल केला. तो साथीदारांबरोबर आनंद साजरा करत असतानाच कडेच्या प्रेक्षकांतून एक माणूस कठडा ओलांडून मैदानात आला आणि त्याने ब्युआदेसला ढकललं. ब्युआदेस खाली पडला. सुरुवातीला आमच्या बाजूने शिट्ट्या वाजत होत्या. खेळाडू नाटक करतोय असं लोकांना वाटत होतं. मग रोदेझचे खेळाडू त्याच्याभोवती जमले, डॉक्टर धावले, पंचांनी दोन्ही संघांना आत नेलं, आणि शिट्ट्या हळूहळू थांबल्या. ब्युआदेसच्या डोक्याला मार बसला होता. बराच वेळ आम्ही नुसते बसून होतो. शेवटी सामना पुढे खेळवला जाणार नाही असं जाहीर झालं. तिकडे मेट्झने बास्तियाला ३-२ हरवून आपली जागा पक्की केली होती.

शिस्तपालन समितीने सामना रोदेझच्या नावावर केला आणि बोर्दोचा एक गुणही कापला. त्या निर्णयामुळे रोदेझ तरलं आणि आन्सी सतराव्या जागी, म्हणजे बुडणाऱ्या चौघांत अडकलं. आन्सीने त्याविरुद्ध दाद मागितली. त्यांची तळमळ मी समजू शकते. ज्या सामन्यात त्यांचा एकही खेळाडू नव्हता, त्याने त्यांचं नशीब ठरवलं. शिवाय त्याच हंगामात आन्सीने फ्रेंच कपच्या उपउपांत्य फेरीत लीग १मधल्या मार्सेला मार्सेच्या मैदानावर हरवलं होतं. पुढे सोशोमुळे त्यांची जागा राहिली, ते वर आलंच आहे.

तरीही सामना पुन्हा खेळवायला हवा होता हे म्हणणं मला मान्य नाही. यजमान क्लबावर पाहुण्या खेळाडूच्या सुरक्षेची जबाबदारी असते. ती सुटली तर किंमत यजमानांनी द्यायची. गोल करणाऱ्याला ढकलून सामना पुसता येतो असं एकदा ठरलं, तर पुढच्या शेवटच्या फेरीत काय होईल? गावात पुष्कळ जण माझ्याशी या मुद्द्यावर वाद घालतात. घालू देत.

प्रश्न : दोनच संघ वर आणि चार खाली, हा नियम कायमचा आहे का?

उत्तर : नाही, ती त्या एका वर्षाची सोय होती. लीग १ वीसवरून अठरा संघांची करायची असल्याने वरूनही चार संघ खाली आले आणि इकडून दोनच गेले. त्यानंतरच्या वर्षी लीग २सुद्धा अठरावर आली. २०२४-२५पासून अठरा संघ, प्रत्येकी ३४ सामने. पहिले दोन थेट वर. चौथा आणि पाचवा एकमेकांशी खेळतात, जिंकणारा तिसऱ्याच्या मैदानावर जातो, आणि त्यातून निघालेला संघ लीग १मधल्या सोळाव्याशी दोन सामने खेळतो. खाली शेवटचे दोन थेट जातात आणि सोळाव्याची गाठ नॅशनलमधल्या तिसऱ्याशी पडते.

वर जाण्यासाठीच्या या लढती बघाच. २०२४मध्ये साँतेत्येनने मेट्झला घरी २-१ हरवलं, मग मेट्झच्या मैदानावर जादा वेळेत २-२ अशी बरोबरी साधून वरची श्रेणी गाठली. आणि त्या वर्षी तिथवर पोचण्याच्या शर्यतीत चौथं कोण आलं होतं? रोदेझ! आदल्या जूनमध्ये समितीच्या निकालाची वाट बघत बसलेलं तेच रोदेझ.

प्रश्न : लीगच्या नावापुढे बीकेटी असं लिहिलेलं दिसतं. ही आपली कंपनी का?

उत्तर : हो. बाळकृष्ण इंडस्ट्रीज, मुख्यालय मुंबईत. ट्रॅक्टर, खाणकाम, बांधकाम अशा अवजड यंत्रांचे टायर ही कंपनी बनवते. २०२०पासून लीग २ तिच्या नावाने ओळखली जाते, त्याआधीपासून इटलीची दुसरी श्रेणीही. निवड मला विचारपूर्वक केलेली वाटते. गँगाँ, रोदेझ, लाव्हाल हे शेतीचे मुलूख आहेत, आणि तिथे सामन्याला येणाऱ्यांत ट्रॅक्टरचा टायर स्वतः विकत घेणारी माणसं खरोखरच असतात.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो, दुसऱ्या श्रेणीत बघण्यासारखं कोण असतं? त्याला काय सांगू?

उत्तर : त्याला एन्गोलो कान्तेचं नाव सांगा. २०१३-१४मध्ये तो काँ या क्लबाच्या मध्यफळीत लीग २ खेळत होता. त्याआधीचं वर्ष त्याने बुलोन्यसाठी तिसऱ्या श्रेणीत काढलं होतं. काँ त्या वर्षी वर गेलं, कान्ते २०१५मध्ये लेस्टरला गेला, पुढच्याच वर्षी इंग्लंडचा विजेता आणि २०१८मध्ये जगज्जेता झाला. त्याच लेस्टर संघातला रियाद माहरेझ जानेवारी २०१४मध्ये ल आव्रहून, म्हणजे लीग २मधूनच तिथे गेला होता. ऑलिव्हिए जिरू २००९-१०मध्ये तूरकडून खेळताना २१ गोलांसह या श्रेणीत सर्वाधिक गोल करणारा ठरला. आणि ज्या हंगामाबद्दल आपण बोलतोय, त्यात मेट्झच्या जॉर्जियन आघाडीवीराने, जॉर्ज मिकाउताद्झेने, २३ गोल केले. वर्षभरात, २०२४च्या युरो स्पर्धेत, त्याने सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत जागा मिळवली.

मात्र पुढे मोठा होणारा खेळाडू शोधायचा म्हणूनच सामना बघू नकोस, असंही त्याला सांगा. त्या हंगामात ल आव्रने ३८ सामन्यांत जो बचाव उभा केला, तो कुणा एका ताऱ्याचा नव्हता. चार जण एका ओळीत पुढे-मागे सरकतात, गोलरक्षक त्यांना ओरडून जागा दाखवतो, आणि चेंडू जिथे येणार तिथे कुणी ना कुणी आधीच उभा असतो. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे हे निसटतं. एखादा सामना चेंडूकडे न बघता नुसता बचावफळीकडे बघून काढायला सांगा.

प्रश्न : बोर्दोचं पुढे काय झालं? तुम्ही अजून सामन्यांना जाता का?

उत्तर : पुढचा हंगाम लीग २मध्येच गेला, बारावं स्थान मिळालं. मग २०२४च्या उन्हाळ्यात पैशाचं गणित पूर्ण कोसळलं. २०२२मध्येही डीएनसीजीने बोर्दोला नॅशनलमध्ये टाकलं होतं, पण तेव्हा अपील करत करत जुलैअखेर क्लब सुटला होता. या खेपेला नवा गुंतवणूकदार आणण्याच्या वाटाघाटी फिसकटल्या, क्लबाने अपील सोडून दिलं आणि १९३७पासूनचा व्यावसायिक दर्जाही सोडला. सहा वेळा फ्रान्सचा विजेता झालेला, ज्याच्या रंगात झिदान आणि लिझाराझू खेळले तो संघ चौथ्या श्रेणीत गेला. करारातून मोकळे झालेले खेळाडू गेले, आणि युवा प्रशिक्षण केंद्रही बंद झालं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. मोठे खेळाडू दुसरीकडे जातात, त्यांचं कुठेही निभतं. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना जुलैत नवं घर शोधायला लागणं फार वाईट.

हो, जाते. चौथ्या श्रेणीत समोरचे संघ कधी एखाद्या तालुकावजा गावाचे असतात. पाहुण्यांचे समर्थक एका बसमधून येतात आणि आधी एवढ्या मोठ्या स्टेडियमचे फोटो काढतात. गोलामागे आमचे ढोल तसेच वाजतात, गाणीही तीच. शेजारच्या खुर्चीवरचे निवृत्त पोस्टमन काका अजून येतात, आणि मध्यंतरात फोन काढून लीग २चे निकाल मला वाचून दाखवतात. रोदेझ जिंकलं असेल तर ते आधी सांगतात.