हवामान की उपसा? : भूजलावरील पीएच.डी.विषयी एका वाचकाचा प्रश्न

प्रश्न : मी भूशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. आमची संत्र्याची बाग आहे. विहीर एप्रिलमध्येच तळ गाठते आणि शिवारात दरवर्षी आधीपेक्षा खोल बोअर घेतले जातात. एका विद्यापीठात हवामान बदल आणि भूजल या विषयावरील प्रकल्पात तीन वर्षांचे मानधनाचे पद निघाले असून त्यातून पीएच.डी. करता येईल, असे कळते. बाबा मात्र म्हणतात, की पाऊस कमी झालेला नाही, उपसा वाढला आहे. त्यांचे खरे असेल तर या संशोधनाला अर्थ आहे का? आणि तीन वर्षांच्या मानधनावर विसंबावे का?
— एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : आपल्या बाबांचे म्हणणे बाजूला ठेवू नका, कारण आपल्या प्रबंधाचा खरा प्रश्न त्यातच आहे. विहिरीची पातळी घटली, एवढ्यावरून हवामानाला दोष देता येत नाही. पुनर्भरण, म्हणजे पाणी मुरून भूजलात पडणारी भर, घटले, उपसा वाढला किंवा दोन्ही झाले, तरी विहीर एकसारखीच खाली जाते. ज्या प्रकल्पात केवळ पाऊस आणि पातळी यांची सांगड घालायची आहे आणि उपशाची मोजणी कुठेच नाही, त्याचा निष्कर्ष मला तरी पटणार नाही.

तरीही हवामानाचा संबंध नाही, असे मुळीच नाही. आपल्याकडील बेसाल्ट खडकात पाणी धरते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, आणि त्याची साठवण अगदी तोकडी असते. विशिष्ट उत्पादकता, म्हणजे खडकाच्या आकारमानापैकी निथळून मिळणाऱ्या पाण्याचा हिस्सा, २ टक्के धरली, तर पावसाळ्यात पातळी २ मीटर चढणे म्हणजे प्रत्यक्षात केवळ ४० मिलिमीटर पाण्याची भर, अर्थात हेक्टरी ४ लाख लिटर. इतकी लहान कोठी लवकर भरते. शिवाय काळी माती भिजून फुगली, की तिच्या भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहूनही तो थोड्या दिवसांत कोसळला, तर बराचसा नाल्याने वाहून जातो. बाबांची पावसाविषयीची आठवण अचूक असूनही पुनर्भरण घटलेले असू शकते. दुसरीकडे, हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या आंबिया बहराची फळे झाडावर टिकवायची तर भर उन्हाळ्यात ओलीत करावेच लागते, आणि उन्हाळा अधिक तापला की झाडाची गरज वाढून पंपही जास्त वेळ चालतो. म्हणजे हवामान उपशाच्या वाटेनेही विहिरीत उतरते. या दोन वाटा वेगळ्या करून मोजणे हे मला पीएच.डी.च्या तोलाचे काम वाटते.

त्यासाठी क्षेत्र लहान घ्या, शक्यतो एकच पाणलोट. गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून भूजलाचा अंदाज देणारे ग्रेस उपग्रह २००२ ते २०१७ या काळात काम करत होते, परंतु त्यांची नजर काहीशे किलोमीटरच्या पट्ट्यावर असे. एका तालुक्यासाठी ती उपयोगाची नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मात्र मिळवाच. त्या वर्षातून मोजक्याच वेळी घेतल्या जातात, म्हणून मधली पोकळी आपणच भरावी लागेल, आणि ओळखीच्या शिवारात काम करणाऱ्याला ते बाहेरून येणाऱ्यापेक्षा सोपे जाते.

आता पैशांविषयी. प्रकल्पातील पद प्रकल्पाबरोबर संपते आणि पीएच.डी. तीन वर्षांत क्वचितच पुरी होते; शिवाय पद मिळाले म्हणजे पीएच.डी.ची नोंदणी आपोआप होते, असेही नाही. म्हणून पद स्वीकारण्यापूर्वी नोंदणी केव्हा होईल, गावोगावच्या प्रवासाचा आणि पाण्याच्या नमुन्यांच्या तपासणीचा खर्च कोणाकडे आणि जमवलेली माहिती आपल्या प्रबंधात वापरता येईल का, हे लेखी विचारून घ्या. त्याच वेळी सीएसआयआर-यूजीसी नेटची पृथ्वी विज्ञान विषयाची परीक्षा द्या. त्यातून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांप्रमाणे पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि मूल्यमापनानंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. आणि ही रक्कम एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीवर टांगलेली नसते. आपल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा नागपूरची महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीचीही चौकशी करावी. घरच्यांनी विसंबायचे तर अशा अधिछात्रवृत्तीवर विसंबावे. केवळ तीन वर्षांच्या पदावर नको.

निवडीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. आपल्या आणि शेजारच्या चार-पाच विहिरींची पातळी दर आठवड्याला, पहाटे पंप सुरू होण्यापूर्वी, कठड्यावरील एकाच खुणेपासून वजन बांधलेल्या टेपने मोजा, त्या खुणेची जमिनीपासूनची उंची एकदा टिपून ठेवा आणि पंप किती तास चालला हे बाबांकडून रोज लिहवून घ्या.