चीनशी बोलणी सुरू झाली, आता आपण काय करायचं? : वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबरअखेर कोलकात्याहून ग्वांगझूचं विमान पुन्हा उडालं आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातून चीनविषयीचे प्रश्न वाढले. डिसेंबर 2025 मध्ये उत्तरं लिहायला बसलो आहे. चारच निवडले आहेत.

2020 साली चिनी माल नको म्हणत होतो, आता व्हिसा आणि विमानं सुरू. अमेरिकेच्या धाकाने सरकारने भूमिका बदलली का? (सुट्या भागांचे उत्पादक, वागळे इस्टेट)

भूमिका बदलली आहे, पण अमेरिकेमुळे नव्हे. 15 जून 2020 च्या रात्री गलवानमध्ये आपले 20 जवान शहीद झाले. त्यानंतर दिल्लीची भूमिका एकच होती : सीमेवर शांतता नसेल तर बाकीचे व्यवहार नेहमीसारखे चालणार नाहीत. कोंडी फुटली ती 21 ऑक्टोबर 2024 ला, पूर्व लडाखच्या सीमेवरच्या देपसांग आणि देमचोकमधल्या गस्तीच्या समझोत्याने. दोनच दिवसांनी मोदी आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग रशियात कझानला भेटले. कैलास-मानसरोवर यात्रा, चिनी पर्यटकांना व्हिसा, मोदींची चीनमधल्या तियानजिनची भेट, थेट विमानं हे सगळं त्यानंतरचं, 2025 मधलं. भारतीय मालावर अमेरिकेचं 50 टक्के आयातशुल्क लागू झालं 27 ऑगस्ट 2025 ला. त्याने वेग वाढला असेल, पण सुरुवात दहा महिने आधीच झाली होती.

आणि एक लक्षात ठेवा. सैनिक समोरासमोरून मागे सरले आहेत, फौजा कमी करण्याचं अजून बोलण्यातच आहे. म्हणून याला मैत्री म्हणायला माझा हात धजत नाही.

व्यापारात इतकी तूट असताना आपण आयात थांबवत का नाही? (विद्यार्थिनी, खारघर)

तुझ्या प्रश्नामागची चीड मला समजते, पण आकडे नीट बघ. 2019-20 मध्ये चीनकडून आयात सुमारे 65 अब्ज डॉलरची होती. 2024-25 मध्ये ती 113 अब्जांवर गेली. निर्यात मात्र जेमतेम 14 अब्ज, म्हणजे तूट 99 अब्जांची. संबंध सर्वांत कडवट होते त्याच पाच वर्षांत आयात पाऊणपट वाढली! चिनी अ‍ॅप बंद झाली, चिनी गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली, पण न्हावा शेव्याला उतरणारा माल थांबला नाही.

कारण त्यात खेळणी आणि दिव्यांच्या माळा थोड्या. खरा भार इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, यंत्रं आणि औषधांचा कच्चा माल यांचा. उद्या आयात बंद केली तर पहिला फटका बीजिंगला बसणार नाही, तो महापे-तुर्भ्यातल्या कारखान्याच्या पाळीला बसेल.

पेनिसिलिनचं उदाहरण माझ्या मनाला फार लागतं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आपण ते 1950 च्या दशकापासून बनवत होतो. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातलं पेनिसिलिन-जीचं (अनेक अँटिबायोटिक्सच्या मूळ कच्च्या मालाचं) उत्पादन बंद पडलं आणि आपण पूर्णपणे आयातीवर आलो. सरकारी प्रोत्साहन योजनेतून आंध्रातल्या काकीनाड्याला 2024 मध्ये ते पुन्हा सुरू झालं. मोडायला स्वस्त दराची काही वर्षं पुरली, उभारायला अनुदान लागलं. तुटीचा आकडा आपोआप घातक नसतो. एखादी वस्तू दुसरीकडे मिळेनाशी होते, तेव्हा तो घातक होतो.

एजंट म्हणतो, माल व्हिएतनाममार्गे आणा, ड्युटी वाचेल. आणू का? (व्यापारी, वाशी)

नको. चिनी माल तिथे नुसता उतरवून, खोकी बदलून आणला तर तो व्हिएतनामी होत नाही. व्हिएतनामसारख्या आग्नेय आशियाई देशांच्या मालाला ड्युटीत सवलत देणाऱ्या आसियान करारातल्या सर्वसाधारण नियमानुसार किमान 35 टक्के मूल्य त्या देशांमध्ये तयार व्हावं लागतं आणि कच्च्या मालापासून तयार मालापर्यंत सहा आकडी टॅरिफ वर्गही (कस्टम्समधला मालाचा कोड) बदलावा लागतो. सप्टेंबर 2020 च्या कॅरोटार नियमांनंतर (सवलतीच्या मालाचं मूळ तपासण्याचे कस्टम्सचे नियम) नुसतं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशाचा याचा दाखला, दाखवून भागत नाही. माल कसा बनला याची माहिती आयातदाराकडे हवी, कागद पाच वर्षं जपायचे. कस्टम्सची नोटीस तुमच्या नावाने येईल, एजंटच्या नव्हे.

आम्ही लहान मोटर बनवतो. एप्रिलनंतर मॅग्नेट अडकले होते. आता संबंध सुधारले, तर जुन्या सप्लायरवरच राहू का? (लघुउद्योजक, रबाळे)

4 एप्रिल 2025 ला चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यं (रेअर अर्थ) आणि ती वापरून केलेले मॅग्नेट निर्यात परवान्याखाली आणले. माल कुठल्या यंत्रात बसणार, शेवटी कोण वापरणार, हे लिहून द्यावं लागू लागलं. तो निर्णय मुख्यतः अमेरिकेला उत्तर होता, पण भरडले गेलात तुम्ही.

म्हणून सप्लायर सोडू नका, पण त्याच्या एकट्यावर राहूही नका. आधी तुमच्या मॅग्नेटचा ग्रेड तपासा. उष्णता सोसण्यासाठी त्यात त्या सातांपैकी डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घातलेलं असेल तर तो परवान्यात अडकतो. साधा निओडायमियम मॅग्नेट त्या यादीत नव्हता. मोटर फार तापत नसेल तर डिझाइन बदलून साध्या ग्रेडवर येता येईल का, हे तुमच्या इंजिनिअरला आजच विचारा. काही कामांना दुर्मिळ मूलद्रव्यं नसलेला फेराइट मॅग्नेटही चालतो, मोटर थोडी मोठी होते इतकंच.

26 नोव्हेंबरला केंद्राने देशातच वर्षाला 6,000 टन मॅग्नेट बनवण्यासाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. ती मला मनापासून हवी आहे. पण कारखाने उभे राहून तुमच्या दारात माल यायला वर्षं लागतील, तोवर जपान किंवा कोरियाचा भाव महाग वाटला तरी एक छोटी ऑर्डर तिकडे चालू ठेवा.