मताला काय टाकलं होतं?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याचे माजी सिनेटर (ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या वरच्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे सदस्य) निक झेनोफन यांची अर्थसंकल्पावरची आणि मतदान-सुधारणेवरची भाषणं तू जमवलीस, रंगीत खुणा केल्यास, आणि आता म्हणतेस की त्यांचं योगदान नेमकं कशात, तेच हाती लागत नाही. लागणार नाही. तू चुकीच्या टोकाकडून सुरुवात केलीस. भाषण शेवटी वाचायचं. आधी एकच गोष्ट शोधायची: त्या क्षणी सभागृहात मताला काय टाकलं होतं?

हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा विचारणार आहे. कंटाळलीस तरी चालेल.

12 फेब्रुवारी 2009 घे. जागतिक मंदीच्या काळातलं सरकारचं 4,200 कोटी डॉलरचं खर्चाचं पॅकेज सिनेटमध्ये 35 विरुद्ध 35 मतांवर अडलं. तू लिहितेस, "मतं समान पडली, तरीही विधेयकं पडली, हे कसं?" उत्तर ऑस्ट्रेलियाच्या संविधानाच्या 23व्या कलमात आहे. सिनेटच्या अध्यक्षांना निर्णायक मत नसतं. ते बाकीच्यांसारखं एक साधं मत देतात, आणि मतं समान पडली की प्रश्न नामंजूर होतो. आपल्याकडे संविधानाच्या 100व्या कलमाने राज्यसभेच्या सभापतींना बरोबरी झाल्यावर निर्णायक मत दिलं आहे, म्हणून तुझा हा घोळ झाला. तिथे एका क्रॉसबेंच (सरकार किंवा मुख्य विरोधी पक्ष यांपैकी कशातच नसलेल्या) सिनेटरचं नकारात्मक मत पुरेसं होतं, आणि ते झेनोफन यांचं होतं. दुसऱ्या दिवशी नवी विधेयकं आली आणि मंजूर झाली. मधल्या काळात मरी-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्याच्या पाण्यासाठी 90 कोटी डॉलर ठरले. त्यातला मोठा भाग पाणी-हक्क परत विकत घेण्याचा, पुढच्या वर्षांतून अलीकडे ओढलेला खर्च होता. "90 कोटी नवे मिळवले" असं लिहिलंस तर तू लिहितेस ते प्रकरण तिथेच ढासळेल. नवा पैसा किती आणि नुसती तारीख बदललेला किती, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिही.

खुणाही बघायला शीक. करदात्यांना द्यायच्या रकमेच्या कायद्याच्या नावात "(क्रमांक 2) 2009" असं आहे. ती आदल्या दिवशीच्या पराभवाची खूण आहे. पहिल्या प्रस्तावात कमाल रक्कम 950 डॉलर होती, मंजूर कायद्यात 900. हा फरक भाषणांत शोधत बसलीस तर आठवडा जाईल. दोन मसुदे शेजारी ठेवलेस तर दहा मिनिटं.

आता अर्थसंकल्प. इथे सगळेच फसतात. सहसा मे महिन्यात अर्थमंत्र्यांचं जे भाषण होतं, ते तांत्रिकदृष्ट्या विनियोजन विधेयक (सरकारी तिजोरीतून खर्चाला परवानगी देणारं विधेयक) क्रमांक 1 च्या दुसऱ्या वाचनाचं, म्हणजे विधेयकावरच्या सर्वसाधारण चर्चेच्या टप्प्याचं भाषण असतं. क्रमांक 1 मध्ये सरकारचा नेहमीचा वार्षिक खर्च. त्यात 53व्या कलमाप्रमाणे सिनेटला दुरुस्ती करता येत नाही, फक्त खालच्या सभागृहाला बदलाची विनंती करता येते. कर लावणाऱ्या विधेयकांचंही तसंच. क्रमांक 2 मध्ये बाकीचा खर्च. तिथे दुरुस्ती चालते, पण जनतेवरचा बोजा वाढवणारी नाही. नाकारण्याचा अधिकार मात्र सगळ्यांवर आहे. आपली राज्यसभा धन विधेयक 14 दिवस ठेवू शकते आणि शिफारशी करू शकते, तिथे तिचा हात संपतो. म्हणून राज्यसभेचा चष्मा लावून सिनेट वाचू नकोस. 1975 मध्ये सिनेटने खर्चाची विधेयकं नाकारलीही नव्हती, नुसती लांबणीवर टाकली होती, आणि 11 नोव्हेंबरला पंतप्रधान व्हिटलम यांचं सरकार बडतर्फ झालं. इथेही तोच प्रश्न: मताला काय टाकलं होतं? नकार की लांबणी?

दुसरी फसगत याहून मोठी. निवृत्तिवेतन, आरोग्य-सेवेची देणी असा सरकारी खर्चाचा बराच मोठा हिस्सा या वार्षिक विधेयकांत येतच नाही. तो कायम विनियोजन असलेल्या स्वतंत्र कायद्यांतून जातो. म्हणून अर्थसंकल्पातली एखादी योजना अडवायची तर लढाई त्या योजनेच्या वेगळ्या विधेयकावर होते. 2014 च्या अर्थसंकल्पात डॉक्टरकडे जाताना 7 डॉलर द्यावे लागतील अशी तरतूद जाहीर झाली होती. सिनेटमध्ये पाठबळ नाही म्हणून ती कायदा झालीच नाही, आणि त्या वर्षीची विनियोजन विधेयकं मंजूर झाली. "अर्थसंकल्पाला मत दिलं" हे वाक्य तुझ्या टिपणांत अकरा ठिकाणी आहे. अकराही ठिकाणी विधेयकाचं पूर्ण नाव आणि क्रमांक घाल. अर्धी विधानं आपोआप पडतील.

मतदान-सुधारणेवर मला जास्त बोलायचं आहे, कारण तुझा गोंधळ तिथेच खरा आहे.

हिशेब तुला नवा नाही. राज्यसभेच्या 6 जागांसाठी महाराष्ट्रात आमदारांच्या मतांना 7 ने भागून एक मिळवतात. ऑस्ट्रेलियात नेहमीच्या निवडणुकीत एका राज्यातून निम्म्या सिनेटसाठी 6 जागा, कोटा (निवडून यायला लागणारा मतांचा वाटा) सुमारे 14.3 टक्के. दोन्ही सभागृहं बरखास्त झाली तर 12 जागा आणि 7.7 टक्के. फरक मतदाराचा आहे: इथे आमदार, तिथे सामान्य नागरिक. मतपत्रिकेवर एक आडवी रेषा असते: वर पक्षांचे चौकोन, खाली एकेका उमेदवाराचे. 1984 पासून त्या नागरिकाने रेषेच्या वर एका पक्षापुढे 1 लिहिला की त्याचे पुढचे सगळे पसंतीक्रम पक्षाने आधी नोंदवलेल्या यादीप्रमाणे वाहायचे. 2013 मध्ये व्हिक्टोरियात पहिल्या पसंतीच्या 0.51 टक्के मतांवर एक सिनेटर निवडून आले ते असेच. न्यू साउथ वेल्समध्ये 110 उमेदवार होते आणि मतपत्रिका सुमारे मीटरभर रुंद होती. ती वाचायला भिंग दिलं गेलं.

2016 च्या विधेयकाने या याद्या गेल्या. इथे "सूचना" आणि "वैधता" या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. मतपत्रिकेवर लिहिलेलं असतं: रेषेवर किमान 6 चौकोन, किंवा रेषेखाली किमान 12. पण वरती फक्त 1 लिहिला तरी मत वैध, आणि खाली 6 पर्यंत क्रम बरोबर असला तरी वैध. तू "किमान 6 सक्तीचे" लिहिलंस. चूक. मसुदाही वाटेत बदलला. खालच्या सभागृहातून आलेल्या प्रतीत रेषेखाली सगळे चौकोन भरणं कायम होतं. 12 ची अट संसदेच्या निवडणूकविषयक संयुक्त समितीच्या 2 मार्चच्या अहवालानंतर आली. फेब्रुवारीत केलेली टीका मार्चच्या मसुद्याला लावलीस तर तो त्या वक्त्यावर अन्याय आहे.

सिनेटची रात्रभर चाललेली बैठक 18 मार्चला संपली आणि 36 विरुद्ध 23 ने विधेयक मंजूर झालं. 76 पैकी 59. मग उरलेले 17 गेले कुठे? सगळे "गैरहजर" नव्हेत. तिथे पेअर असतात: एका बाजूचा सदस्य येऊ शकत नसेल तर समोरचाही एक मत देत नाही. हॅन्सार्डमध्ये (सभागृहातल्या बोलण्याच्या छापील नोंदीत) मतविभागणीच्या, म्हणजे कोणी कुठल्या बाजूने मत दिलं त्याच्या यादीखाली त्या जोड्या छापतात. ती यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाच. आणि आवाजी मतदानात नावं नोंदवली जातच नाहीत, तेव्हा "या दुरुस्तीवर त्यांनी मत दिलं नाही" असं कधी लिहू नकोस.

आणखी दोन खड्डे. दुसऱ्या वाचनाच्या प्रस्तावाला जोडलेली दुरुस्ती ("पण सिनेटचं असं मत आहे की…") विधेयकाचा एक शब्दही बदलत नाही. ते मतप्रदर्शन आहे. कायदा बदलतो तो समिती टप्प्यात, म्हणजे कलमवार चर्चेत, क्रमांक असलेल्या दुरुस्ती-पत्रकाने. त्या पत्रकाच्या सुधारित आवृत्त्या निघतात. शेवटची कोणती मताला गेली ते बघ. दुसरा खड्डा: एखादी तरतूद काढून टाकायची असेल तेव्हा अध्यक्ष "ती काढावी का" असं विचारत नाहीत. प्रश्न असतो "ती छापल्याप्रमाणे राहावी का". म्हणजे विरोधक "नाही" म्हणतात, आणि मतं समान पडली तर ती तरतूद जाते. होकार-नकार पाहून बाजू ठरवलीस तर बरोबर उलटा निष्कर्ष काढशील. म्हणून विचारते आहे, मताला काय टाकलं होतं?

झेनोफन यांच्या हेतूबद्दल तू विचारलंस. हेतू तुला कळणार नाही, हितसंबंध कळतील. 1997 मध्ये ते राज्याच्या विधान परिषदेत पहिल्या पसंतीच्या 2.86 टक्के मतांवर, इतरांच्या पसंतीक्रमांच्या जोरावर पोचले. 2013 मध्ये त्यांच्या गटाला सिनेटसाठी जवळजवळ 25 टक्के मतं मिळाली, तरी पसंतीक्रम न वाहिल्याने जागा एकच आली. नव्या नियमांखाली 2016 च्या दुहेरी बरखास्तीत तीन आल्या. ही तिन्ही वाक्यं सलग लिही आणि शेरा मारू नकोस. त्याच निवडणुकीतली टास्मानियाची गोष्टही तपास. पक्षाने सहाव्या क्रमांकावर ढकललेल्या लिसा सिंग रेषेखालच्या मतांवर निवडून आल्या. ही सुधारणा मतदाराच्या हाती काय देते, ते या एका निकालात दिसतं.

तुला वाटेल मला वक्तृत्वाचं वावडं आहे. तसं नाही. भाषणांवर प्रेम करण्यात मीही खूप वर्षं घालवली, आणि त्या काळात लिहिलेलं बरंचसं आज मला उभं करता येत नाही, कारण शेजारी मतदान नव्हतं. हट्टी म्हणतात मला. म्हणू देत. ज्या भाषणामागे दुरुस्ती नाही त्याला मी योगदान म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नयेस. एक सवलत देते: अर्थसंकल्पीय अंदाज समित्यांच्या सुनावण्या, जिथे सिनेटर खात्यांना खर्चाबद्दल प्रश्न विचारतात. तिथे मत पडत नाही, पण लेखी उत्तरासाठी ठेवलेल्या प्रश्नाला क्रमांक मिळतो आणि खात्याला उत्तर द्यावं लागतं. प्रश्न, क्रमांक, उत्तर, तिन्ही असतील तर ते घे. नुसती झालेली खडाजंगी घेऊ नकोस.

आता काम. त्या दिवसाचं सिनेट जर्नल उघड, हॅन्सार्ड नव्हे. निर्णयांची अधिकृत नोंद जर्नलमध्ये असते, हॅन्सार्ड बोललेल्या शब्दांसाठी. एका मतदानाला एक ओळ असा तक्ता कर: तारीख, विधेयकाचं पूर्ण नाव, टप्पा, मताला टाकलेला प्रश्न शब्दशः, पत्रक क्रमांक, बाजूची आणि विरोधी मतं, त्यांची बाजू किंवा पेअर. हॅन्सार्डची कच्ची प्रत वापरली असशील तर अंतिम प्रतीशी ताडून बघ. नावाने शोध घेतलास तर मध्येच टाकलेले दोन शब्दही "भाषण" म्हणून मोजले जातात, ते काढ.

17 आणि 18 मार्च 2016 पासून सुरू कर, मग 2009 च्या त्या दोन दिवसांकडे जा. पुढच्या पत्रासोबत तक्ता पाठव. प्रकरण आत्ताच नको.

तुझी,
ताई