जुन्या ब्राउझरसाठी दुसरे मार्कअप लिहू नये

आपला प्रश्न मला समजला तो असा. इंदुरातील आपल्या मराठी वाचनालयाचे संकेतस्थळ नव्याने होत आहे. कार्यकारिणीतील एका सदस्यांना वैधता तपासणीत, म्हणजे पानाचे मार्कअप (टॅगांनी केलेली रचना) वेबच्या प्रमाणकांना, म्हणजे ठरलेल्या नियमांना, धरून आहे का हे पाहणाऱ्या तपासणीत, एकही त्रुटी नको आहे. उलट काम करणाऱ्या तरुणाचे म्हणणे असे की वाचनकक्षातील विंडोज एक्सपीचा संगणक आणि लोकमान्य नगरातल्या ज्येष्ठ सभासदांचे विंडोज ७ सांभाळायचे, तर प्रमाणके गुंडाळून सारी मांडणी टेबलांत (एचटीएमएलच्या तक्त्यांत) करावी लागेल. माझे स्पष्ट मत आहे की टेबलांची काही गरज नाही. मार्कअप एकदाच आणि प्रमाणकानुसार लिहावे. जुन्या ब्राउझरची सोय त्या प्रमाणकांतच केलेली आहे.

आधी 'जुने' म्हणजे किती जुने ते ठरवावे. विंडोज ७ वर क्रोम १०९ पर्यंत आणि फायरफॉक्स ११५ पर्यंत चालतो. या दोन्ही आवृत्त्या २०२३ च्या आहेत, म्हणून त्यांची चिंता नको. एक्सपीवर मात्र क्रोम ४९, फायरफॉक्स ५२ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ८ येथे गाडी थांबते. म्हणजे खरा प्रश्न वाचनकक्षातील त्या एका यंत्रापुरता उरतो.

आपण पाठवलेल्या पानाच्या अगदी पहिल्या ओळीत, पान कोणत्या प्रकारचे ते ब्राउझरला सांगणाऱ्या 'डॉकटाइप' ओळीच्याही आधी, 'संकेतस्थळ निर्मिती' अशी टिप्पणी आहे. तपासणी तिला हरकत घेणार नाही, कारण प्रमाणकाला ती मान्य आहे. परंतु इंटरनेट एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीपर्यंत डॉकटाइपआधी टिप्पणी आली की ब्राउझर क्वर्क्स पद्धतीत, म्हणजे पूर्वीच्या ब्राउझरांच्या सदोष रीतीने पान दाखवण्याच्या पद्धतीत, जातो, आणि मग रुंदीत पॅडिंग (आतली मोकळी जागा) व बॉर्डर (कडा) धरूनच चौकट मोजली जात असल्याने बाजूचे रकाने आक्रसतात. ती ओळ डॉकटाइपखाली न्यावी. शून्य त्रुटींचा आग्रह धरणाऱ्या सदस्यांनीही एवढे लक्षात घ्यावे की तपासणी केवळ व्याकरण पाहते.

मांडणीसाठी सीएसएसचा (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेचा) एक नियम फार उपयोगी पडतो: ब्राउझरला जे विधान कळत नाही ते तो मुकाट्याने सोडून देतो. म्हणून पुस्तकांच्या यादीचे रकाने आधी फ्लोटने (घटक एका बाजूला सरकवण्याच्या जुन्या रीतीने) आणि टक्केवारीच्या रुंदीने पाडावेत, आणि त्याखाली ग्रिड (ओळी-रकान्यांची नवी रीत) लिहावे. ग्रिडमधील घटकांवर फ्लोटचा परिणाम होत नाही, हे प्रमाणकातच ठरलेले आहे. रुंदी तेवढी सपोर्ट्स नियमाच्या (ब्राउझरला एखादी सोय येते का हे आधी पाहणाऱ्या नियमाच्या) आत पूर्ववत करावी लागते. क्रोम ४९ ला सपोर्ट्स कळतो, पण ग्रिड कळत नाही, म्हणून तो आतला भाग गाळतो. एक्सप्लोररला सपोर्ट्सच ठाऊक नाही, म्हणून तोही गाळतो. दोघांनाही फ्लोटची यादी मिळते. येथे एक खोच आहे: स्वल्पविरामाने जोडलेल्या निवडकांपैकी (नियम कोणत्या घटकांना लागू हे सांगणाऱ्या खुणांपैकी) एकही अनोळखी निघाला, तर तो संपूर्ण नियमच बाद होतो. त्यामुळे जुना होव्हर आणि नवा फोकस-व्हिजिबल हे निवडक एका ओळीत लिहू नयेत.

सेक्शन, नॅव्ह यांसारखे टॅग एक्सप्लोरर ८ ला अनोळखी असल्याने त्यांना शैली लागत नाही, मजकूर मात्र दिसतो. आपल्या कामाला तेवढे पुरे आहे.

जावास्क्रिप्टचा (पानातील स्क्रिप्ट जिच्यात लिहितात त्या भाषेचा) स्वभाव इतका सोशिक नाही. एक नवी वाक्यरचना जुन्या ब्राउझरला कळली नाही की सबंध फाइल बंद पडते. यावर सोपा उपाय म्हणजे सारी स्क्रिप्ट 'मॉड्यूल' या नव्या प्रकाराने जोडणे. जुने ब्राउझर तो प्रकार ओळखत नाहीत आणि ती फाइल चालवतच नाहीत. मात्र मग पुस्तकशोध स्क्रिप्टवाचून चालला पाहिजे, म्हणजे साधा फॉर्म आणि सर्व्हरकडून येणारे निकालाचे पान असावे. मूळ एचटीएमएल नेटके असेल तरच हे साधते. टेबलांच्या मांडणीने यातले काहीच सुधारत नाही, उलट मोबाइलच्या अरुंद पडद्यावर वाचकाचे हाल होतात.

आपल्याकडे मराठी आणि हिंदी मजकूर एकाच पानावर येतो, म्हणून भाषेचा गुणधर्मही नीट द्यावा. काही फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात आणि भाषा मराठी नोंदवली तरच ते उमटतात. जुन्या ब्राउझरने दुर्लक्ष केले तरी नुकसान काही नाही.

शेवटची अडचण मार्कअपच्या हातातली नाही. एक्सपीवरील एक्सप्लोरर ८ ला टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) येत नाही, त्यामुळे आजच्या बहुतेक सुरक्षित संकेतस्थळांचे पान तेथे उघडतच नाही, मग मार्कअप कितीही निर्दोष असो. तो संगणक बदलणे शक्य नसेल तर त्यावर फायरफॉक्स ५२ बसवावा. त्याची टीएलएस व्यवस्था आणि मूळ प्रमाणपत्रे (संकेतस्थळ खरे आहे का हे ताडण्यासाठीची) स्वतःची आहेत, तो विंडोजवर विसंबत नाही. शिवाय २०१७ च्या मार्चमधील याच आवृत्तीत ग्रिड आले, म्हणून ग्रिडची नवी मांडणी एक्सपीवरही दिसेल. सुरक्षा दुरुस्त्या मात्र आता मिळत नाहीत, तेव्हा त्या यंत्रावर पुस्तकसूची पाहण्यापलीकडे काही करू देऊ नये आणि बँकेचे व्यवहार तर मुळीच नकोत.