यवतमाळकडच्या खेड्यात एशियाटिक लिलीला पहिल्या वर्षी फुलं आली, यंदा नुसता पाला. असं का?

कंदाला थंडी मिळाली नाही, म्हणून. विकत आणलेला कंद शीतगृहातून थंडी खाऊन आलेला असतो, त्यामुळे पहिल्या वर्षी हमखास फुलतो. आपल्याकडच्या दोन महिन्यांच्या हिवाळ्यात त्याचं भागत नाही. सप्टेंबरात कंद काढा, ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ६ ते ८ आठवडे ठेवा (बर्फाच्या कप्प्यात नको, पिकत्या फळांजवळही नको). नोव्हेंबरात १० ते १५ सेंमी खोल लावा. काळ्या भारी मातीत पाणी साचून कंद सडतो, तेव्हा कुंडी किंवा वाफा उंच करून वाळू, शेणखत मिसळलेलं बरं. मात्र फुलं गेल्यावर हिरवी पानंच छाटली असतील, तर कंद बारीक राहिला असेल. मग फ्रीजही कामाचा नाही.