वाचकांचे प्रश्न : कॉलेजात आणखी एक वर्ष की थेट ड्राफ्ट?

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम संपत आला की कॉलेजात थांबायचं की ड्राफ्टला जायचं (व्यावसायिक संघ आळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट) या विषयावरची पत्रं वाढतात. त्यांतल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या पगाराचे आकडे २०२५ च्या हंगामाचे, म्हणजे लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात २०२० साली झालेल्या सामूहिक करारातले आहेत. करार बदलला की तक्ताही बदलतो, त्यामुळे ज्या वर्षी नाव द्यायचं त्या वर्षीचा तक्ता समोर ठेवूनच हिशेब करावा.

प्रश्न : माझी भाची तिथे तिसऱ्या वर्षाला खेळते. प्रशिक्षक म्हणतात, तिला यंदा ड्राफ्टला जाता येणार नाही. तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी मात्र पात्र आहे. हे कसं?

उत्तर : दोघींच्या जन्मतारखा तपासा, कारण बहुधा तिथेच सापडेल. डब्ल्यूएनबीएच्या नियमानुसार अमेरिकन कॉलेजात खेळणारी मुलगी ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात बावीस वर्षांची होत असेल, तर पदवीआधीही तिला जाता येतं. ड्राफ्ट एप्रिलमध्ये असतो, पण बावीस त्या दिवसापर्यंत पूर्ण व्हायला हवीत असं नाही, ३१ डिसेंबरपर्यंत झाली तरी चालतात. वयात बसत नसेल, तर चार वर्षांची पदवी हातात हवी किंवा ड्राफ्टनंतर तीन महिन्यांत मिळणारी हवी. तेही नसेल, तर शालेय शिक्षण संपून चार वर्षं झालेली हवीत. म्हणून एकाच बाकावरच्या दोघींपैकी डिसेंबरात जन्मलेली पात्र ठरते आणि पुढच्या जानेवारीत जन्मलेली ठरत नाही.

ज्युवेल लॉइडचा जन्म ऑक्टोबर १९९३ चा. नोत्र दाम कॉलेजातलं तिसरं वर्ष संपवून ती २०१५ च्या ड्राफ्टला गेली आणि पहिल्या क्रमांकावर निवडली गेली. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेली अमांडा झाहुई बी. तर मिनेसोटा कॉलेजकडून दुसराच हंगाम खेळत होती. थोडक्यात, कॉलेजचं कितवं वर्ष चालू आहे यावर पात्रता ठरत नाही.

प्रश्न : मुलं एनबीएसाठी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक लीगसाठी नाव देतात, चाचण्या देऊन येतात आणि मन बदललं तर नाव मागे घेतात. मुलींनी तसं करून पाहायला काय हरकत आहे?

उत्तर : तशी सोयच नाही. पुरुषांना ठरावीक तारखेपर्यंत नाव मागे घेता येतं. डब्ल्यूएनबीए मात्र नाव घेतानाच उरलेल्या कॉलेज पात्रतेवर, म्हणजे कॉलेज संघातून खेळण्याच्या शिल्लक हक्कावर, पाणी सोडल्याचं लेखी मागते. एकदा ते दिलं की निवड होवो न होवो, कॉलेज संघाचं दार बंद होतं.

त्यात वेळही फार थोडा मिळतो. २०२५ मध्ये कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना ६ एप्रिलला झाला आणि ड्राफ्ट १४ एप्रिलला. शेवटपर्यंत खेळत राहिलेल्या मुलीला आपला शेवटचा सामना संपल्यापासून फक्त ४८ तास मिळतात. हरल्याचं दुःख किंवा जिंकल्याचा जल्लोष ओसरायच्या आत आयुष्याचा निर्णय! म्हणून माहिती जानेवारी-फेब्रुवारीतच गोळा करून ठेवावी लागते. प्रशिक्षकांकरवी संघांच्या व्यवस्थापकांना तीन गोष्टी विचाराव्यात : कितव्या क्रमांकाच्या आसपास निवड होईल, कोणत्या जागेवर खेळवण्याचा विचार आहे आणि नाकारलं तर ते खेळातल्या कोणत्या उणिवेमुळे. तिसरं उत्तर सगळ्यात मोलाचं. 'बचावात वेगवान गार्डला (चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूला) रोखता येत नाही' असं ऐकायला मिळालं तर आणखी एका वर्षाला काही अर्थ आहे. 'उंची कमी पडते' असं असेल तर थांबून ती वाढणार नाही.

मात्र प्रशिक्षकांचा सल्ला एकट्याने पुरेसा धरू नये. चांगली खेळाडू टिकवण्यात त्यांचा स्वार्थ असतो, तसा तिला बाहेर काढण्यात एजंटचा असतो. दोघांची उत्तरं शेजारी ठेवून वाचावीत. आणि निर्णय होण्याआधी एजंटच्या कोणत्या कागदावर सही करायची हे नीट पाहावं. फक्त जाहिरातींसाठी नेमलेला एजंट कॉलेजात चालतो. खेळण्याचा करार मिळवून देण्यासाठी एजंट नेमला, तर त्या सहीनेच पात्रता जाऊ शकते. दोन्ही कामं एकाच मसुद्यात गुंफलेली असतील तर तो परत पाठवा.

प्रश्न : दुसऱ्या फेरीत निवड झाली म्हणजे नोकरी पक्की समजायची का?

उत्तर : नाही. ड्राफ्ट ही सराव शिबिराची हमी आहे, त्यापलीकडे फारसं काही नाही. आमच्या मते हा सगळा निर्णय 'निवड होईल का' या प्रश्नावर घेतला जातो आणि तिथेच तो चुकतो. विचारायचं असतं ते 'मे महिन्यात हंगाम सुरू होताना मी संघात असेन का'.

हिशेब असा. २०२५ मध्ये तेरा संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त बारा जणी, म्हणजे सगळ्या लीगमध्ये मिळून १५६ जागा. त्या जवळजवळ सगळ्या आधीच भरलेल्या. शिवाय संघाच्या एकूण पगारावर १५,०७,१०० डॉलरची मर्यादा होती, आणि ती ओलांडताच येत नसे. एखाद्या संघाने दोघींना सर्वोच्च म्हणजे प्रत्येकी २,४९,२४४ डॉलर दिले, तर उरलेल्या सगळ्यांसाठी मिळून १०,०८,६१२ उरत. मग संघ काय करायचा? बारावी जागा रिकामी ठेवून अकरा जणींवर भागवायचा. ती रिकामी राहिलेली जागा नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या मुलीची असायची. नवख्या खेळाडूच्या पगाराची हमी नसे, त्यामुळे तिला शिबिरातून सोडायला संघाला काही खर्चही येत नसे.

२०२५ मध्ये गोल्डन स्टेट वाल्किरीज संघाने सतराव्या क्रमांकावर शायन सेलर्सला आणि तिसाव्यावर केटलिन चेनला घेतलं. सराव शिबिरात दोघींनाही सोडून दिलं. चेनला नंतर परत बोलावलं, पण त्याआधी तिला बाहेर थांबावं लागलंच. दोघीही नावाजलेल्या कॉलेज संघांतून आलेल्या, आणि संघ तर नवा, म्हणजे जागा जास्त असायला हव्यात असं कुणालाही वाटेल.

म्हणून पहिल्या आठांत नाव येणार असं खात्रीशीर कळत असेल, तर खेळाच्या दृष्टीने जायला हरकत नाही. नऊ ते बारा असेल तर नाव घेणाऱ्या संघाकडे तिच्या खेळण्याच्या जागेवर किती जणी आधीच कराराने बांधलेल्या आहेत ते मोजा. त्याहून खाली असेल आणि पात्रता शिल्लक असेल, तर आमचं मत थांबा असंच आहे. सोडून दिल्यानंतर उरतात ते सात दिवसांचे करार, दुखापतींमुळे एखाद्या संघाकडे खेळण्याजोग्या दहाही उरल्या नाहीत तर निघणारी तात्पुरती जागा, किंवा परदेशातली लीग.

प्रश्न : कॉलेजात आता डब्ल्यूएनबीएपेक्षा जास्त पैसे मिळतात असं वाचलं. हे खरं असेल तर कुणी जाईलच कशाला?

उत्तर : २०२५ च्या पगारांशी तुलना केली तर काहींच्या बाबतीत खरं होतं. २०२५ मध्ये पहिल्या चार क्रमांकांना वर्षाला ७८,८३१ डॉलर होते, पाच ते आठला ७५,६४३, उरलेल्या पहिल्या फेरीला ७२,४५५, दुसऱ्या फेरीला ६९,२६७ आणि तिसऱ्या फेरीला ६६,०७९. ड्राफ्टमध्ये पहिल्या आलेल्या पेज ब्यूकर्सचा चार वर्षांचा संपूर्ण करार ३,४८,१९८ डॉलरचा. मोठ्या कॉलेजातली नावाजलेली खेळाडू एका वर्षात याहून जास्त कमावू शकते.

पण कॉलेजातला पैसा एका झऱ्यातून येत नाही, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो, आणि तुलना करताना ते तिन्ही एकत्र मोजले जातात. पहिला, कॉलेज स्वतः देतं तो वाटा. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानंतर हे सुरू झालं. २०२५-२६ साठी एका कॉलेजची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर होती, पण ती सगळ्या खेळांची मिळून, आणि त्यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉल घेतो. दुसरा, कॉलेजच्या धनाढ्य चाहत्यांच्या गटांकडून येणारा. तिसरा, बूट, पेय, कपडे विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींचा. स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमावण्याची ही मुभा १ जुलै २०२१ पासून आहे.

कॉलेज सोडलं की पहिले दोन त्याच दिवशी थांबतात. तिसरा बरोबर येऊ शकतो. समजा एखादीला वर्षाला तीन लाख मिळतात आणि त्यातले अडीच लाख जाहिरातींचे आहेत, तर तिचं नुकसान फक्त पन्नास हजारांचं. त्यावर पगार मिळवला तर उलट फायदाच. तेच तीन लाखांतले अडीच लाख कॉलेज आणि चाहत्यांकडचे असतील, तर २०२५ चा पगार धरूनही उत्पन्न निम्म्याखाली येतं. आयोवा कॉलेजच्या केटलिन क्लार्ककडे कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष होतं, तरी ती २०२४ मध्ये गेली, कारण तिच्या मोठ्या जाहिराती तिच्याबरोबर जाणाऱ्या होत्या. जाहिरातीच्या करारात 'कॉलेज खेळाडू असेपर्यंत' अशा अर्थाचं कलम आहे का, ते मात्र शोधून काढाच.

करांचं गणितही वेगळं आहे. पगारातून कर आधीच कापला जातो. जाहिरातीचा पैसा पूर्ण हातात येतो आणि स्वयंरोजगार धरला जातो : त्यावर नेहमीच्या प्राप्तिकराखेरीज १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो आणि आगाऊ कर एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेच्या सुमारास चार हप्त्यांत भरायचा असतो. विशीतल्या मुली अडकतात त्या इथेच. रक्कम खर्च झालेली असते आणि वर्षाअखेरीला दंडासह बिल येतं. येणाऱ्या प्रत्येक रकमेतला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकणं हा साधा उपाय आहे.

प्रश्न : ऑलिव्हिया माइल्सला २०२५ मध्ये अगदी वर निवडलं जाणार असं सगळे म्हणत होते. ती का थांबली? तिने चूक केली का?

उत्तर : तिच्या मनातलं तीच जाणे, पण त्या वेळची परिस्थिती सांगता येते. गुडघ्याच्या दुखापतीने तिचा २०२३-२४ चा पूर्ण हंगाम गेला होता, त्यामुळे पात्रता शिल्लक होती. खेळाडूंच्या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये २०२० च्या सामूहिक करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला होता आणि नव्या करारात पगार बरेच वाढतील असा सर्वसाधारण अंदाज होता. टोरोंटो आणि पोर्टलंडचे नवे संघ २०२६ मध्ये येणार हेही ठरलेलं होतं, म्हणजे जागाही वाढणार. माइल्सच्या नोत्र दाम कॉलेजला २०२५ च्या कॉलेज स्पर्धेतून टीसीयू या कॉलेजने बाहेर काढलं, आणि माइल्स पुढच्या हंगामासाठी गेली ती टीसीयूतच! एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे 'राहायचं' याचा अर्थ 'इथेच राहायचं' असा उरलेला नाही.

थांबण्याची एक किंमत मात्र सहसा कुणी मोजत नाही. २०२० च्या सामूहिक करारात ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा होता आणि चौथं वर्ष ठेवायचं की नाही हे संघ ठरवायचा. खरी वाटाघाट त्यानंतर. एक वर्ष उशिरा गेलं की तो दुसरा, मोठा करारही एक वर्ष पुढे ढकलला जातो. पहिल्या चारांत येणारीने हे जरूर मोजावं. विसाव्या क्रमांकावरच्या मुलीने यावर झोप उडवून घेऊ नये.

प्रश्न : थांबलो आणि त्याच वर्षी गुडघा गेला तर?

उत्तर : हा धोका दोन्हीकडे आहे. जॉर्जिया अमूरचा गुडघा २०२५ मध्ये निवड झाल्यावर सराव शिबिरातच गेला. फरक इतकाच की निवड आधी झालेली असते. उलट ब्यूकर्स २०२२-२३ चं पूर्ण वर्ष गुडघ्यामुळे मुकली, २०२४ मध्ये जाता येत असूनही थांबली, २०२५ मध्ये यूकॉन या आपल्या कॉलेजसाठी विजेतेपद जिंकलं आणि पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यासारखं नाव असेल तर संघ वाट पाहतात, बाकीच्यांनी ते गृहीत धरू नये.

वैद्यकीय कारणाने हंगाम परत मिळतो, पण दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात व्हावी लागते आणि तोवर ठरलेल्या सामन्यांच्या ३० टक्क्यांहून जास्त खेळलेलं चालत नाही. फेब्रुवारीत पडलेल्या मुलीला यातलं काहीच लागू होत नाही. विम्याबद्दलही गैरसमज आहे. पहिल्या फेरीच्या अपेक्षित खेळाडूंना कायमच्या अपंगत्वाचा विमा घेता येतो, पण शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात बऱ्या होणाऱ्या गुडघ्याला तो पैसे देत नाही. कारण ते अपंगत्व कायमचं नसतं.

प्रश्न : परदेशातून शिकायला गेलेल्या मुलीला वेगळा नियम आहे म्हणतात.

उत्तर : ती अमेरिकन कॉलेजात खेळली नसेल तरच. फ्रान्सची डोमिनिक मलोंगा २०२५ मध्ये एकोणीस वर्षांची असताना दुसऱ्या क्रमांकावर निवडली गेली, कारण अशा खेळाडूंना त्या कॅलेंडर वर्षात वीस पूर्ण होणं पुरतं. कॉलेजात एकदा खेळली की अमेरिकन मुलींचे नियम लागू होतात. अमूर मूळची ऑस्ट्रेलियाची, पण कॉलेजमार्गे आली म्हणून याच नियमात.

पैशांचा प्रश्न जास्त नाजूक आहे. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर अमेरिकेत राहून जाहिरातीचं चित्रीकरण करणं, दुकानात सह्या देऊन पैसे घेणं हे परवानगीविना काम ठरू शकतं आणि व्हिसा धोक्यात येतो. सहकारी मुली सर्रास करतात म्हणून करू नये. आधी व्हिसा वकिलाला दाखवावं, कॉलेजच्या क्रीडा विभागाचं 'चालेल' पुरेसं नाही. व्यावसायिक झाल्यावर खेळाडूंसाठीचा पी-१ व्हिसा असतो आणि त्याचा अर्ज संघ करतो. म्हणजे पुन्हा प्रश्न तोच, संघात जागा मिळाली का.

प्रश्न : पदवी अर्धी राहिली तर पुढे पूर्ण करता येते का?

उत्तर : येते. पण परत आल्यावर फी कोण भरणार हे कॉलेजागणिक बदलतं. जाण्याआधी क्रीडा विभागाकडून चार गोष्टी ईमेलवर लेखी घ्या : किती क्रेडिट बाकी आहेत, त्यांतले किती घरबसल्या करता येतील, शिष्यवृत्ती परत मिळेल का आणि किती वर्षांच्या आत यावं लागेल. तोंडी आश्वासन देणारे प्रशिक्षक दोन वर्षांनी दुसऱ्याच कॉलेजात असतात.