जगातली टोकाची गरिबी खरंच संपू शकते का? मुंबईत राहून आपण काय करू शकतो?

संपू शकते. 1990 मध्ये जगातल्या तिघांपैकी एकाहून जास्त माणसं टोकाच्या गरिबीत होती, आज साधारण दहातलं एक. 2030 पर्यंत ती संपवायचं संयुक्त राष्ट्रांचं लक्ष्य मात्र हुकणार असं दिसतंय. उरलेले बहुतेक गरीब सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत आणि तिथे बऱ्याच देशांत युद्धं चालू आहेत.

उपाय ठाऊक आहेत. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने 2002 पासून अतिगरीब बायकांना गाय किंवा शेळ्या, सोबत काही महिने थोडे पैसे, प्रशिक्षण आणि नियमित घरभेटी दिल्या. पश्चिम बंगालसह इतरत्रही हे करून पाहिलं, आणि मदत थांबल्यावरही कमाई टिकली. देणगी द्यायचीच तर मदतीचा असा परिणाम मोजून दाखवणाऱ्या संस्थेला द्या, दर महिन्याला, थोडी का होईना.

आणि मुंबईत? घरकामाला येणाऱ्या ताईंना रेशनचं विचारा. गोवंडी-मानखुर्दकडे अनेकांचं कार्ड गावच्या पत्त्यावर असतं, म्हणून त्या तांदूळ दुकानातून पूर्ण भावाने घेतात. खरं तर अन्नसुरक्षा योजनेतलं कार्ड आधारशी जोडलेलं असेल, तर अंगठा लावून इथल्याच रेशन दुकानात धान्य मिळतं. दुकानदार टोलवाटोलवी करतो, तेव्हा एक दिवस रजा टाकून त्यांच्यासोबत जा. आजारपणात सावकाराकडे जायची वेळ येऊ नये म्हणून आयुष्मान कार्डाचंही त्याच फेरीत बघा.